गडग्याजवळची पिवळी कण्हेर नक्की कोणती? झाडं दोन, नाव एकच

पडवीतून:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही म्हणून. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर, मधे सुरूचं बन आणि एक पाखाडी उतरली की पुळणच. २२ वर्षं ठाण्यात काढून दोन वर्षांपूर्वी आम्ही कायमचे गावी आलो. सासूबाई आधीपासून इथेच होत्या, घर त्यांनीच सांभाळलं.

तर प्रश्न दोन झाडांचा आहे. एक फाटकाजवळ गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, ते मी आल्या आल्या एका रोपवाटिकेतून आणलं. तिथल्या माणसाला म्हटलं मला वर्षभर हिरवं राहणारं, पिवळ्या फुलांचं आणि ढोरं खाणार नाहीत असं काहीतरी द्या, तर त्याने हे काढून दिलं आणि म्हणाला पिवळी कण्हेर आहे, बिनधास्त लावा. दुसरं झाड विहिरीच्या मागे, चांगलं दीड पुरुष उंच, सासूबाईंनी लावलेलं. त्याची फुलं त्या दर सोमवारी महादेवाला नेतात आणि त्यालाही त्या पिवळी कण्हेरच म्हणतात. दोन्ही बारा महिने हिरवी, दोन्हीची फुलं पिवळी आणि कर्ण्यासारखी, पण मला काही ती एकाच जातीची वाटत नाहीत. विहिरीमागचं झाड कसं सरळ झाडासारखं उभं आहे, फाटकाजवळचं उभंच राहत नाही, त्याच्या फांद्या लांबच्या लांब सुटतात आणि गडग्यावर लोळतात.

शिवाय फाटकाजवळच्याला पहिल्या वर्षी फुलंच फुलं होती, यंदा पाऊस गेल्यापासून मोजून सात-आठ आली असतील आणि नवीन येणारी पानं पिवळी पडताहेत, फक्त शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं पान दिसतं.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. नात ११ महिन्यांची झाली, रांगत खळ्यात म्हणजे अंगणात येते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. गोठ्यात गाय आणि वासरू आहे. परवा शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या की पिवळी कण्हेर विषारी असते, तेव्हापासून माझं लक्ष सारखं तिकडेच. फोटो टाकायचा प्रयत्न केला पण इथे रेंज एवढी कमी आहे की चढतच नाहीये. नुसत्या वर्णनावरून कोणी सांगू शकेल का की कुठलं कोणतं, आणि ठेवावं की काढावं?


कलमवाला, देवगड:

ताई, फोटो नसला तरी चालेल, फुलावरून ओळखायला जाऊच नका, फुलं फसवतात. पानं बघा. एक फांदी हातात धरा आणि पानं फांदीला कुठे चिकटलीत ते बघा. एकाच पेराला तीन किंवा चार पानं गोल चक्रासारखी बसली असतील, पान दोन-तीन बोटं रुंद, जाडसर आणि चकचकीत असेल तर ती अलामांडा. पानं एकाआड एक, फांदीभोवती जिन्यासारखी चढत गेली असतील आणि पान चार-सहा इंच लांब पण करंगळीपेक्षाही अरुंद असेल, मधली शीर तेवढी स्पष्ट आणि बाजूच्या शिरा जवळपास दिसतच नसतील तर ती बिट्टी. पिवळी कण्हेर हे नाव लोक खरं तर बिट्टीलाच देतात.

तुम्ही लोळणाऱ्या फांद्यांबद्दल लिहिलंत त्यावरून फाटकाजवळची ९९ टक्के अलामांडा आहे. ती वेल म्हणून विकतात पण तिला ना तणावे असतात ना ती स्वतःहून कशाला गुंडाळते, नुसती दुसऱ्याच्या अंगावर रेलते. बांधली नाही तर लोळणारच.

पान तोडल्यावर पांढरा चीक दोन्हीतून येईल, त्यामुळे चिकावरून दोघींत फरक करता येत नाही. दोन्ही कण्हेरीच्याच घराण्यातली आहेत आणि लहान मुलांपासून लांब ठेवायची आहेत. हात लगेच धुवा, डोळ्याला लावू नका.

विहिरीमागच्या झाडाखाली फळं पडतात का ते सांगा. तो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.


वाशिष्ठीकाठ:

टेकोमा पण असू शकतं ना? आमच्या चिपळूणला बऱ्याच बंगल्यांच्या कंपाउंडला आहे, पिवळ्या घंटा झुपक्याने येतात आणि वर्षभर हिरवं असतं. मला तर ही तिन्ही एकच वाटायची आजपर्यंत.


कलमवाला, देवगड:

वाशिष्ठीकाठ, टेकोमाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर पाच-सात छोटी पानं आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. तोडलं तर पांढरा चीक येत नाही. फुलांनंतर वीतभर लांब बारीक शेंगा लटकतात, त्या सुकून तडकल्या की आतून कागदासारखे पंख असलेलं बी उडतं. ताईंनी शेंगांचं काही लिहिलेलं नाही. बहामा बेटांचं राष्ट्रीय फूल आहे टेकोमा, छान झाड आहे पण बी वाऱ्याने पसरतं आणि जिथे नको तिथे उगवतं.


आचऱ्याची मावशी:

आमच्याकडे ह्या झाडाक बिट्टीच म्हणतत, पिवळी कण्हेर कोण म्हणत नाय. आता सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते.

आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळायचो. फळ आधी हिरवं असतं, त्रिकोणी, मधे उभी कड असते, मग काळं पडून झाडाखाली पडतं आणि गर कुजून गेला की आत कडक कवची राहते, फिकट तपकिरी, मधे खाच आणि दोन्हीकडे निमुळती. त्या गोळा करून आम्ही देवळाच्या पायरीवर सागरगोट्यांसारख्या उडवून झेलायचो. खिसे भरलेले असायचे. शाळेतून आल्यावर आई आधी हात धुवायला लावायची, चुलीतली राख लावून, आणि धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायची नाही. कारण कधी सांगितलं नाही तिने, पण नियम पक्का. आता वाटतं तिला पूर्ण माहीत होतं. ती कवची इतकी कडक की दाताने फुटत नाही, म्हणून आम्ही वाचलो. आतलं बी भयंकर विषारी असतं. तशी पानं, साल, मूळ, चीक सगळ्यातच विष आहे पण बियांत जास्त, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माझ्या स्वतःच्या भाच्याने मला विचारलं होतं, "आत्या, कोकीळ खाते मग आपण का नाही?" कोकीळ बिट्टीची फळं खरंच खाते, बुलबुल आणि साळुंक्याही खातात आणि त्यांना काही होत नाही. आमच्या झाडावर तर सकाळी शिंजीर येतो, फुलाच्या तोंडातून आत न जाता बुडाशी चोच खुपसून मध पितो, गळून पडलेलं फूल उचलून बघा, देठाजवळ बारीक भोक असतं. मुलं हे सगळं बघतात आणि त्यांना वाटतं पक्षी खातात म्हणजे खाण्यासारखंच असणार. पक्ष्यांना चालतं ते माणसाला आणि गुरांना चालत नाही हे नात बोलायला लागली की तिच्या कानावर घालाच.


पडवीतून:

मावशी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठल्या उठल्या दोन्ही झाडं बघून आले, काय दिसलं ते सांगते.

फाटकाजवळचं: पेराला चार पानं, दोन पेरांना तीनच होती, पण चक्रासारखीच. पान माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडं लांब आणि तीन बोटं रुंद, वरून तेल लावल्यासारखं. फूल पूर्ण उघडलेलं, तळहात झाकेल एवढं, पाच गोल पाकळ्या, घशात आतून तांबूस रेघा. एक कळी होती, पाकळ्या एकमेकींवर पिळ घातल्यासारख्या. पान तोडलं तर चीक टपकला. फळ एकही नाही, दोन वर्षांत बघितलेलं नाही.

विहिरीमागचं: पान लांब, अरुंद, मधोमध एकच शीर, एकाआड एक. फूल लहान, पूर्ण उघडतच नाही, घंटेसारखं अर्धवट मिटलेलं राहतं, मंद वास आहे. आणि खाली पाचोळा बाजूला केला तर कवच्याच कवच्या. मी मोजल्या नाहीत पण सूप भरेल. काही तर खळ्याच्या कडेपर्यंत घरंगळत आल्यात, पावसाच्या पाण्याने आल्या असणार. पाचोळ्यात दोन-तीन इंचांची रोपंही उगवलीत, वीसेक तरी.

दुसरं असं की या झाडाची एक फांदी बरोब्बर विहिरीवर आलीय आणि फुलं, पानं पाण्यात पडतात. तेच पाणी गायीला जातं.

म्हणजे सासूबाईंचं झाड बिट्टी आणि माझं अलामांडा, बरोबर ना? आणि मला रोपवाटिकेत पिवळी कण्हेर म्हणून अलामांडा दिली. यात एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. पण अलामांडा तरी बाळाच्या दृष्टीने बरी का?


लाल माती:

ताई, बरोबर ओळखलंत. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकलो, आता हर्णैजवळ छोटी रोपवाटिका आहे, तर माहिती देतो आणि तुमच्या पिवळ्या पानांचं पण सांगतो.

दोन्ही झाडं बाहेरची आहेत. बिट्टी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेटिया, जुन्या पुस्तकांत थेवेटिया पेरुव्हियाना असं मिळेल, आंद्रे थेवे नावाच्या १६व्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूवरून ते नाव आलं. अलामांडा दक्षिण अमेरिकेतली, नाव अलामांडा कथार्टिका. त्यातलं कथार्टिका म्हणजेच रेचक, जुलाब करणारी. मराठीत तिला जहरी सोनटक्का असंही नाव आहे, आपल्या पांढऱ्या सुवासिक सोनटक्क्याशी तिचा काही संबंध नाही. तेव्हा अलामांडा बिट्टीएवढी जिवावरची नाही पण निरुपद्रवीही नाही. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, चिकाने काहींच्या कातडीवर चट्टे उठतात. ११ महिन्यांच्या बाळाला तेवढंही नको. फाटकाजवळची असली तरी गडग्याच्या बाहेरच्या अंगाला वळवा किंवा उंचावर बांधा म्हणजे गळलेली फुलं खळ्यात येणार नाहीत.

एक खात्री करून घ्या. अलामांडाची एक झुडूप जात पण मिळते, अलामांडा शॉटी, तिची फुलं लहान, नळी बुडाशी फुगीर आणि तिला काटेरी गोल फळं बऱ्याचदा धरतात. तुमची फुलं तळहाताएवढी आहेत आणि फळ नाही म्हणजे वेलीसारखी वाढणारीच.

आता पानांचं. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती तर मी वेगळं सांगितलं असतं. आता तुम्ही म्हणाल जांभ्याच्या जमिनीत लोह कसं कमी पडेल, आपली माती लाल दिसते तीच लोहामुळे. म्हणून विचारतो, खड्डा भरताना पुळणीवरची वाळू घातली होती का? आणि गडग्याला चुना लावलाय का?


पडवीतून:

दादा, तुम्ही घर बघून गेल्यासारखं विचारताय. हो, खड्डा काढला तर खाली सगळा कातळ लागला म्हणून यजमानांनी अर्धा खड्डा वाळूने भरला, म्हणाले निचरा चांगला होईल. आणि गडगा सासऱ्यांच्या वेळेपासून दर दिवाळीत चुन्याने रंगवतो.


लाल माती:

मग तिथेच आहे सगळं. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो म्हणजे चुनाच. त्यात गडग्याचा चुना पावसाने धुऊन मुळाशी उतरतो. चुन्याने माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. पहिल्या वर्षी पिशवीतली माती होती तोवर झाड खुशीत होतं, मुळं वाळूत उतरली आणि बिनसलं. शिवाय वाळूत मीठ.

असं करा. आता थंडीत झाडाच्या एका बाजूची वाळू हळूहळू उकरून काढा, मुळं फार तोडू नका, त्या जागी कातळावरची लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरा. महिन्याभराने दुसरी बाजू. शेणखत कुजलेलंच हवं, गोठ्यातलं ताजं शेण किंवा मूत सरळ ओतू नका, नत्र जास्त झालं की पानं येतात आणि फुलं येत नाहीत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट खतांच्या दुकानात मिळतं, लिटरभर पाण्यात साधारण ३ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आधी एकाच फांदीवर करून चार दिवस बघा, पानं करपली नाहीत तर मग बाकीच्यांवर. गडग्याचा तेवढा भाग चुन्याशिवाय ठेवा.

ऊन किती मिळतं? माडाची सावली असेल तर हिच्याकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका, पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आणि उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर एप्रिल-मे मध्ये शक्यतो दुसरं पाणी घाला.

फेब्रुवारीत छाटा. घाबरू नका, तिसरा हिस्सा ते अर्ध्यापर्यंत कापलं तरी चालतं कारण फुलं नव्या फुटीवरच येतात. छाटल्यावर ज्या चार-पाच फांद्या ठेवाल त्या सुंभाने गडग्याच्या वरच्या खुंटीला सैल बांधा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्यात वारा, तार बांधलीत तर फांदी कापली जाते, सुंभ बरं. फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण, लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मारा.


गोठा आणि मी, संगमेश्वर:

सगळे फुलांबद्दल बोलताय म्हणून मी फक्त गुरांबद्दल लिहितो. ढोरं खात नाहीत हे जे रोपवाटिकेत सांगतात ते अर्धंच खरं आहे. ओलं, झाडावरचं पान गुरं सहसा खात नाहीत कारण कडू असतं. पण तोडून टाकलेलं, कोमेजलेलं पान चाऱ्यात मिसळलं तर खातात, आणि सुकल्याने विष जात नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही वईलगतची (कुंपणालगतची) बिट्टी छाटली आणि फांद्या गुरांच्या वाड्याच्या मागे टाकून ठेवल्या, पाऊस यायच्या आत उचलू म्हणून. शेळ्या चरायला नेत होतो, एक गाभण शेळी मागे राहिली. संध्याकाळी आलो तर ती भिंतीला टेकून उभी, तोंडाला फेस, पाय थरथरत होते. पशुवैद्यांना फोन केला, ते यायच्या आत गेली. तिच्या तोंडात अर्धं चावलेलं पान होतं, सुकून कागदासारखं झालेलं. तो दोष पूर्ण माझा, फांद्या मीच टाकल्या होत्या. म्हणून ताई, झाड काढाल तेव्हा एकेक पान उचला. फांद्या गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. न्हाणीच्या चुलीत अजिबात घालू नका, धूरही चांगला नाही. नुसतं बुंध्याशी कापून सोडलंत तर परत फुटतं, मुळासकट काढा. हातमोजे घाला, आणि कोयत्याने तोडताना चीक उडतो, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

विहिरीवर आजच जाळी टाका. झाडाचा निर्णय व्हायचा तेव्हा होऊ दे, फांदी मात्र आज उतरवा.


आचऱ्याची मावशी:

दादांनी लिहिलं ते सोन्यासारखं आहे. मी एवढंच जोडते, देव न करो, पण बाळाच्या तोंडात बिट्टीचं काहीही गेल्याची नुसती शंका जरी आली तरी उलटी काढायच्या, दूध-तूप पाजायच्या भानगडीत पडायचं नाही, लक्षणं दिसायची वाटही बघायची नाही, १०८ ला फोन आणि सरळ रुग्णालय, आणि जे खाल्लंय त्याचा तुकडा सोबत न्यायचा. कोणी म्हणेल बिट्टीच्या मुळीचं औषध करतात, घरच्या घरी तसलं काही करू नका.


वाशिष्ठीकाठ:

पण जुनं, पूजेचं झाड तोडायचं म्हणजे सासूबाईंना वाईट वाटेल ना. फळं रोज वेचली तर नाही का चालणार?


कलमवाला, देवगड:

वेचून संपत नाहीत. बिट्टीला फुलं आणि फळं जवळजवळ वर्षभर येत राहतात, आज वेचल्या तर रात्रीतून चार पडतात, आणि बाळ नेमकं तेवढ्यात तिथे जातं. मुलं मोठी असती तर मी पण ठेवा म्हटलं असतं, झाड गुणी आहे, खारा वारा सोसतं, पाणी मागत नाही, रस्त्याच्या कडेला उगाच नाही लावत. पण रांगतं बाळ, वासरू आणि विहीर तिन्ही एका ठिकाणी असताना मी ठेवणार नाही.

सदाहरित आणि पिवळी फुलं हवीच असतील तर तुमच्यासारख्या समुद्राजवळच्या जागेला भेंड लावा. आपल्याच किनाऱ्यावरचं झाड, पान पिंपळासारखं, फूल सकाळी फिकं पिवळं आणि आत गडद तांबडा डाग, संध्याकाळपर्यंत तेच फूल लालसर जांभळं होतं. मिठाला घाबरत नाही. जागा मात्र मोठी लागते, विहिरीच्या अगदी कडेला नको, मुळं आणि पाचोळा दोन्हीचा त्रास. जागा कमी असेल तर सोनचाफ्याचं कलम, पण ते वाऱ्याच्या आडोशाला, घराच्या मागच्या अंगाला.


पडवीतून:

सगळ्यांचे मनापासून आभार. फांदी त्याच दिवशी उतरवली आणि विहिरीवर मासेमारीचं जुनं जाळं दुहेरी करून ताणलं.

सासूबाईंशी बोलायला मला चार दिवस लागले. त्यांना शेळीची गोष्ट वाचून दाखवली, वासराचं नाव काढलं, त्या गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मला ठाऊक आहे ती विषारी आहे ते, तुझा नवरा लहान होता तेव्हा मी रोज सकाळी आधी झाडाखाली झाडून घ्यायचे आणि मगच त्याला सोडायचे." आणि मग म्हणाल्या, "आता माझ्याच्याने वाकवत नाही. काढ." पूजेच्या फुलांचं काय म्हटलं तर म्हणाल्या कोरांटी लाव, पिवळीच असते, देवाला चालते, आणि माझ्या माहेरी वईला होती. हे मला सुचलंच नव्हतं. कोरांटी बारीक काटेरी आहे पण विषारी नाही ना? आणि ती बारा महिने हिरवी राहील का?


लाल माती:

कोरांटी उत्तम. पांढरा चीक नाही, विषाची भीती नाही, काटे मात्र पानांच्या बगलेत असतात तेव्हा खळ्यापासून दोन हात लांब. पाणी मिळत राहिलं तर हिरवी राहते, एकदम कोरड्या उन्हाळ्यात थोडी विरळ होईल. फुलांचा भर पावसाळा संपता संपता ते थंडीपर्यंत. फांदी खोचली तरी जगते, जूनमध्ये लावा.


पडवीतून:

जूनचा दुसरा आठवडा आहे, काय झालं ते सांगायला आले.

बिट्टी डिसेंबरात मुळासकट काढली. दोन माणसं, एक पूर्ण दिवस. फांद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर खड्डा काढून पुरल्या, जागा दोनदा झाडली आणि पावसाआधी परत एकदा उकरून बघितली तर अजून ४१ कवच्या निघाल्या, या वेळी मोजल्या. पहिल्या पावसानंतर तिथे परत सहा रोपं उगवली, ती उपटली. लक्ष ठेवून आहे.

अलामांडाची वाळू काढायला यजमान आधी तयार नव्हते, मग उकरताना मूठभर वाळू पाण्यात धुऊन त्यांच्या हातावर ठेवली, अर्धा शिंपल्यांचा चुरा होता, तेव्हा पटलं. हिराकसचे दोन फवारे मारले, फेब्रुवारीत छाटली, मार्चअखेर नवीन पानं आली ती पूर्ण हिरवी. मे महिन्यात एका सकाळी १९ फुलं होती. सुंभाने बांधलीय, सगळी फुलं आता गडग्याच्या पलीकडे रस्त्यावर पडतात.

छाटलेल्या फांद्या तेव्हा वाया गेल्या म्हणून आता परत सहा काड्या घेतल्यात, वीतभर लांबीच्या, खालची पानं काढून, चीक धुऊन अर्धा दिवस पडवीत सुकवल्या आणि लाल माती आणि शेणखतात खोचल्या. पिशव्या माळ्याच्या जिन्यावर ठेवल्यात, नात चालायला लागलीय. पाऊस चार दिवस नुसता कोसळतोय. या काड्या उघड्यावर ठेवू की छपराखाली?


लाल माती:

छपराखालीच, पण उजेड असू द्या. पिशवीला खाली भोकं आहेत ना बघा, पाणी साठलं तर काडी बुडातून काळी पडते आणि गेली. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात, तोवर ओढून बघू नका, नवीन पान फुटलं की समजा. ऑगस्टमध्ये एखादी उघडीप बघून जमिनीत लावा आणि यावेळी वाळू नको.


आचऱ्याची मावशी:

आणि कोरांटी?


पडवीतून:

लावली मावशी. सासूबाईंच्या माहेरून त्यांचा भाचा आठ फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. सासूबाईंनी खुर्ची टाकून स्वतः जागा दाखवली, बिट्टी होती तिथेच नको म्हणाल्या, विहिरीच्या डाव्या अंगाला, जिथून त्यांना पडवीत बसून दिसेल. आठातल्या सहा जगल्यात.